ब्रुकलिनच्या अंगणातला महारुख : बेटी स्मिथ



न्यू जर्सी आणि पेनसिल्व्हेनियाकडे राहणाऱ्या आपल्यापैकी बऱ्याच जणांनी ठिपक्यांच्या पंखांचा तो लँटर्नफ्लाय नावाचा किडा एकदा तरी चपलेखाली चिरडला असेल. २०१४ साली तो पेनसिल्व्हेनियात पहिल्यांदा सापडला आणि तेव्हापासून द्राक्षबागायतदारांच्या डोक्याला ताप होऊन बसला आहे. या किड्याचे सर्वांत आवडते झाड म्हणजे ‘ट्री ऑफ हेवन’. मूळचे चीनचे हे झाड अठराव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत शोभेसाठी आणले गेले आणि मग हाताबाहेर गेले. आता सरकारच ते तोडून टाका म्हणून सांगते. आपल्याकडे रस्त्याच्या कडेला महारुख दिसतो ना, त्याचाच हा चुलतभाऊ!

सिमेंटच्या फटीतून, कचऱ्याच्या ढिगातून, पाणी नसले तरी हे झाड वर येते. तोडले तर मुळातून पुन्हा फुटते. ब्रुकलिनच्या गरीब वस्तीत वाढलेल्या एका बाईने या झाडाचे नाव आपल्या कादंबरीला दिले आणि ते जगभर पोहोचवले. ती कादंबरी म्हणजे ‘अ ट्री ग्रोज इन ब्रुकलिन’ आणि त्या बाई म्हणजे बेटी स्मिथ. आपल्या मुलांपैकी कित्येकांनी हे पुस्तक इथल्या शाळेत वाचले आहे. आम्हीही ते मुलांच्या दप्तरातूनच पहिल्यांदा हातात घेतले आणि रात्री उशिरापर्यंत खाली ठेवू शकलो नाही. तेव्हापासून या बाईंबद्दल लिहायचे मनात होते.

बेटीचा जन्म १५ डिसेंबर १८९६ रोजी ब्रुकलिनच्या विल्यम्सबर्ग भागात झाला. माहेरचे आडनाव वेनर. (त्याच वर्षी तिकडे मुंबईत प्लेगची साथ सुरू झाली होती, एवढे सांगितले म्हणजे काळ डोळ्यासमोर येईल.) आज आपण ब्रुकलिन म्हणजे न्यूयॉर्कचाच एक भाग समजतो, पण तेव्हा ते स्वतंत्र शहर होते. न्यूयॉर्कमध्ये ते सामील झाले १ जानेवारी १८९८ रोजी. ईस्ट नदीच्या काठाने धक्के, गोदामे, साखरेचे कारखाने आणि नौदलाची मोठी गोदी असा सगळा पसारा होता. बोटीतून उतरलेली जर्मन, आयरिश, ज्यू, इटालियन माणसे इथे येऊन राहत. १९०३ साली विल्यम्सबर्गचा पूल वाहतुकीला खुला झाला आणि मॅनहॅटनच्या दाटीवाटीतून आणखी कुटुंबे पलीकडे आली. आपल्या गिरणगावात कोकणातली, घाटावरची माणसे येऊन जशी चाळीतल्या एकेका खोलीत राहिली, तसाच काहीसा प्रकार. फरक एवढाच की कोकणातला माणूस गणपतीला, शिमग्याला गावी जाऊ शकत होता. महासागर ओलांडून आलेल्यांना बहुधा गाव पुन्हा दिसायचे नाही.

बेटीचे आईवडील दोघेही जर्मन वंशाचे. वडील हॉटेलात वेटरचे काम करीत. घरात बेटी थोरली, तिच्या पाठीवर एक भाऊ आणि एक बहीण. पैशाची कायमची ओढाताण. तिला वाचनाचे मात्र विलक्षण वेड. अँड्र्यू कार्नेजी यांच्या देणगीतून त्या काळात ब्रुकलिनमध्ये वाचनालये उभी राहत होती. त्यांपैकी विल्यम्सबर्गमधल्या लेनर्ड शाखेशी बेटीचे नाव कायमचे जोडले गेले आहे. तिच्या कादंबरीतली फ्रॅन्सी वाचनालयातली सगळी पुस्तके वर्णानुक्रमे वाचून काढायचे ठरवते, रोज एक! चाळीतल्या जिन्यावर बसून वाचणारी मुलगी आपल्यापैकी कुणाला ओळखीची वाटली, तर नवल नाही.

आठवी झाली आणि चौदाव्या वर्षी बेटीची शाळा सुटली. घरात पैशांची गरज होती आणि त्या काळात न्यूयॉर्कमध्ये चौदा वर्षांच्या मुलांना कागदपत्रे करून कामावर जाता येत असे. मुली कारखान्यांत जात, शिलाई करीत, कागदाची फुले वळत. नदीपलीकडे मॅनहॅटनमध्ये ट्रँगल शर्टवेस्ट कारखान्याला मार्च १९११ मध्ये आग लागून १४६ कामगार मेले, त्यांत बहुतेक कोवळ्या वयाच्या स्थलांतरित मुली होत्या. तो याच सुमाराचा काळ. बेटीने कारखान्यात, मग कचेऱ्यांत अशा मिळतील त्या नोकऱ्या केल्या. १९१३ साली वडील वारले. मधल्या काळात तिने ‘गर्ल्स हायस्कूल’मध्ये पुन्हा नाव घातले, नोकरी सांभाळून शिकायचा प्रयत्न केला, पण ते शिक्षण पुरे झाले नाही. वस्तीतल्या सेवाकेंद्रात नाटकाचे, शिवणाचे, नाचाचे वर्ग चालत. तिथे ती रमली आणि तिथेच तिला नाटकाची गोडी लागली.

शाळा पुरी न झाल्याची सल मात्र बेटीच्या मनातून कधी गेली नाही. तिचे पुढचे सगळे आयुष्य ही सल भरून काढण्यात गेले असे म्हटले तरी चालेल.

ओळखीच्याच एका तरुणाशी, जॉर्ज स्मिथशी तिचे १९१९ साली लग्न झाले. तो मिशिगन विद्यापीठात कायदा शिकत होता. त्याच्यामागे ती ॲन आर्बरला गेली. आपल्याकडच्या किती मुली अशाच नवऱ्याच्या शिक्षणामागे, एच-फोर व्हिसावर या देशात आल्या! नवरा वर्गात आणि आपण खोलीत, हे दिवस आपल्यातल्या अनेकींना सांगायला नकोत. बेटीने लग्न झालेले असताना ॲन आर्बरच्या शाळेत आपल्याहून लहान मुलांच्या शेजारी बसून पुन्हा अभ्यास सुरू केला. तोही अर्धवट राहिला. दोन मुली झाल्या. मुली शाळेत जाऊ लागल्यावर मात्र तिने मिशिगन विद्यापीठाचे दार ठोठावले. हायस्कूलचा दाखला हातात नव्हता, म्हणून पदवीसाठी प्रवेश मिळेना. विद्यापीठाने खास विद्यार्थिनी म्हणून वर्गात बसायची परवानगी दिली. केनेथ रो या प्राध्यापकांकडे ती नाट्यलेखन शिकली. पुढे याच रो यांच्या वर्गात आर्थर मिलर नावाचा एक विद्यार्थी आला, यावरून शिक्षकाची योग्यता कळावी.

१९३१ साली बेटीच्या नाटकाला विद्यापीठाचे हॉपवुड पारितोषिक मिळाले, रोख एक हजार डॉलर. मंदीच्या दिवसांत ही रक्कम मोठीच होती. त्या बळावर त्या येल विद्यापीठाच्या नाट्यविभागात जॉर्ज पियर्स बेकर या नामवंत गुरूंकडे शिकायला गेल्या. (आता आम्हालाही त्यांना ‘अहोजाहो’ केल्याशिवाय राहवत नाही!) तीन वर्षे तिथे काढली, पण पदवी तिथेही नाही, कारण पाया रचणारा तो शाळेचा कागदच नव्हता. इकडे संसारही तुटत चालला होता. १९३८ साली रीतसर घटस्फोट झाला.

त्याआधीच, १९३६ साली, रूझवेल्ट सरकारच्या फेडरल थिएटर योजनेतून बेटीबाई नॉर्थ कॅरोलायनातील चॅपल हिल या गावी आल्या. बेकार झालेल्या नाटकवाल्यांना काम देणारी ही योजना होती. सोबत दोन मुली आणि बेताचा पगार. त्या एकांकिका लिहीत, शाळा-महाविद्यालयांच्या रंगमंचासाठी त्या छापून येत आणि थोडेफार पैसे मिळत. भोवती दक्षिणेतले संथ विद्यापीठगाव, झाडी, मोकळी हवा. ब्रुकलिनपासून इतक्या दूर आल्यावर त्यांना ब्रुकलिन लख्ख दिसू लागले. परदेशात आल्यावर आपल्यालाही गावचे घर, तिथला ओटा, आजीचा आवाज जास्त स्पष्ट आठवू लागतो, तसेच हे असावे.

त्यांनी लिहायला घेतले ते मोठे बाड झाले. हार्पर या प्रकाशनसंस्थेकडे ते गेले, तिथल्या संपादकांबरोबर काटछाट झाली आणि ऑगस्ट १९४३ मध्ये ‘अ ट्री ग्रोज इन ब्रुकलिन’ प्रसिद्ध झाले. पहिल्या सहा आठवड्यांतच तीन लाख प्रती संपल्या! लेखिकेचे वय तेव्हा ४६ होते. म्हणजे ज्या वयात आपल्याकडे बाईने आता सुनेची वाट पाहावी असे म्हणत, त्या वयात बेटीबाईंची पहिली कादंबरी आली.

या पुस्तकात असे काय आहे? वरवर पाहता फार काही घडत नाही. रोमेली घराण्यातल्या बायकांच्या तीन पिढ्यांची ही कथा आहे. आजी मेरी ऑस्ट्रियाहून आलेली. तिला लिहितावाचता येत नाही. तिची मुलगी केटी चाळीचे जिने आणि फरशा पुसते, त्या बदल्यात खोलीचे भाडे माफ होते. केटीचा नवरा जॉनी गाणारा वेटर. देखणा, प्रेमळ आणि दारूत बुडालेला. एक बहीण सिसी रबराच्या कारखान्यात काम करते, दुसरी एव्ही दूधवाल्याशी लग्न करून गुजराण करते. आणि केटीची मुलगी फ्रॅन्सी, जिचा वाढदिवस १५ डिसेंबर. बेटीबाईंनी आपलीच तारीख तिला देऊन टाकली, फक्त वर्ष पाचने पुढे केले.

फ्रॅन्सी जन्मल्यावर निरक्षर आजी केटीला काही गोष्टी करायला सांगते. रोज रात्री मुलीला बायबलचे एक पान आणि शेक्सपिअरचे एक पान वाचून दाखव. मुलीला परीकथा सांग, म्हणजे पुढे वाईट दिवस आले तरी मनात काहीतरी सुंदर उरेल. आणि कपाटाच्या कोपऱ्यात पत्र्याचा डबा खिळ्यांनी ठोकून त्यात रोज चार पैसे टाक, म्हणजे एक दिवस जमिनीचा तुकडा घेता येईल. स्वतःला एक अक्षर न येणाऱ्या बाईने घराच्या शिक्षणाचा हा पाया घातला. आपल्या घरातली एखादी पणजी आठवून पाहा. ती पोथी ऐकायला देवळात जायची, अंगठा उठवायची आणि नातवाच्या फीसाठी पाटल्या मोडायची.

मुले रद्दी, चिंध्या, भंगार गोळा करून विकतात. मिळालेल्या पैशांतले अर्धे पत्र्याच्या डब्यात जातात. शिळा पाव स्वस्तात आणून केटी त्याचे नाना प्रकार करते. आपल्याकडे शिळ्या पोळीचा कुस्करा, मनोहरा करतात, तशातलाच तो प्रकार. पण याच घरात फ्रॅन्सीला तिच्या वाटणीची कॉफी नको असेल तर मोरीत ओतून द्यायची मुभा आहे. नातेवाईक बोल लावतात. केटीचे म्हणणे असे की आमच्यासारख्यांना निदान एखादी गोष्ट वाया घालवता आली, तर श्रीमंत असल्यासारखे वाटते. गरिबी सोसलेल्या माणसालाच असा प्रसंग सुचू शकतो.

पुस्तकातली सर्वांत दुखरी जागा वेगळीच आहे. जॉनी मरतो आणि पुढे मुलांपैकी एकालाच हायस्कूलमध्ये पाठवणे शक्य असते. एक मुलगी, एक मुलगा. मुलीला शिकायची तहान आहे, मुलाला शाळा नकोच आहे. केटी मुलाला पाठवते! तिचा हिशोब असा, की मुलगी काहीही झाले तरी शिकायची वाट शोधेलच, मुलगा मात्र आता सुटला तर कायमचा सुटेल. फ्रॅन्सीला एवढे मात्र कळते की आईचा जीव भावावर जास्त आहे, आणि केटीलाही ठाऊक आहे की ते मुलीला कळले आहे.

हा प्रसंग वाचून आम्ही पुस्तक मिटून काही वेळ गप्प बसलो. आपल्यातल्या किती घरांत, एक-दोन पिढ्यांपूर्वी, हाच निर्णय झाला असेल! धाकट्या भावाला पुण्याला शिकायला ठेवायचे म्हणून आत्याची शाळा सातवीत थांबली. आणि तो भाऊ पुढे इंजिनिअर झाला, त्याची मुले अमेरिकेला आली. आपल्या पदव्यांच्या तळाशी अशा न शिकलेल्या आत्या, मावश्या, काकू आहेत. मुंबईच्या गिरणगावात ज्या बायकांनी घरात पन्नास पन्नास माणसांचे डबे रांधले, खानावळी चालवल्या, त्यांच्या जिवावर गिरणी कामगार जेवला आणि गावी मनीऑर्डर गेली. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले तेव्हा या बायका पहिल्यांदा लोकांच्या नजरेत आल्या. ब्रुकलिनची केटी आणि परळची खानावळवाली एकमेकींना भेटत्या, तर भाषा न कळताही दोघींचे छान जमले असते असे आम्हाला वाटते.

पुस्तक गाजले तसा त्रासही आला. सिसी हे पात्र आपल्यावरून घेतले, असे म्हणून नात्यातल्याच एका बाईने बेटीबाईंवर दावा लावला. ते प्रकरण न्यायालयाबाहेर मिटले. घरातली दारू, गरिबी, अब्रूच्या गोष्टी चारचौघांत का मांडायच्या, हा प्रश्न जगात सगळीकडे सारखाच. कादंबरीतही एक प्रसंग आहे. फ्रॅन्सी वडिलांवर, उपासमारीवर निबंध लिहिते तेव्हा बाई तिला कमी गुण देतात आणि सुंदर विषयांवर लिहायला सांगतात. बेटीबाईंनी आयुष्यभर नेमके त्या बाईंना नको असलेलेच निबंध लिहिले.

दुसरे महायुद्ध चालू होते. अमेरिकी सैनिकांसाठी खिशात मावतील अशा पुस्तकांच्या बारा कोटींहून अधिक प्रती छापून आघाडीवर वाटल्या गेल्या. त्यांत हे पुस्तक अतिशय लोकप्रिय ठरले. खंदकांतून, इस्पितळांतून, जहाजांवरून सैनिकांनी बेटीबाईंना पत्रे लिहिली. ब्रुकलिन कधी न पाहिलेल्या शेतकऱ्यांच्या पोरांनासुद्धा त्यात आपली आई दिसली. १९४५ मध्ये एलिया कझान यांनी त्यावर चित्रपट काढला. इस्तंबूलमध्ये जन्मलेल्या, स्वतः स्थलांतरित असलेल्या कझान यांचा हा पहिला कथाचित्रपट. जॉनीचे काम करणाऱ्या जेम्स डन यांना ऑस्कर मिळाले. १९५१ साली ब्रॉडवेवर संगीत नाटकही आले.

पुस्तकाच्या पैशांतून बेटीबाईंनी चॅपल हिलमध्ये स्वतःचे घर घेतले. पत्र्याच्या डब्यातून जमीन घ्यायचे आजीचे स्वप्न असे पुरे झाले, म्हणायला हरकत नाही! पुढे त्यांनी आणखी तीन कादंबऱ्या लिहिल्या : ‘टुमारो विल बी बेटर’ (१९४८), ‘मॅगी-नाऊ’ (१९५८) आणि ‘जॉय इन द मॉर्निंग’ (१९६३). पहिल्या दोन पुन्हा ब्रुकलिनमधल्याच. ‘मॅगी-नाऊ’मध्ये आयर्लंडहून आलेला बाप, त्याची मुलगी आणि दरवर्षी वसंत आला की घर सोडून निघून जाणारा तिचा नवरा यांची गोष्ट आहे. ‘जॉय इन द मॉर्निंग’ मात्र विद्यापीठाच्या गावात कोवळ्या वयात संसार थाटणाऱ्या जोडप्याची. नवरा वर्गात बसलेला आणि बायको वर्गाबाहेरून व्याख्यान ऐकते, हे तिथले दृश्य कुठून आले असेल ते आता वाचकांच्या लक्षात आलेच असेल. पहिल्या कादंबरीचे यश मात्र पुन्हा वाट्याला आले नाही. खासगी आयुष्यातही स्थैर्य कमीच लाभले. दुसरे लग्न मोडले. १९५७ साली जुने मित्र व नाटककार रॉबर्ट फिंच यांच्याशी लग्न केले, तर दोनच वर्षांत ते वारले. १७ जानेवारी १९७२ रोजी कनेटिकटमधील शेल्टन येथे न्यूमोनियाने बेटीबाईंचे निधन झाले. त्या ७५ वर्षांच्या होत्या. हायस्कूल पुरे न केलेल्या या बाईंची हस्तलिखिते आणि पत्रे आज नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या ग्रंथालयात जपून ठेवली आहेत आणि पदव्या मिळवणारी मंडळी त्यांचा अभ्यास करतात.

आज विल्यम्सबर्गला गेलात तर ओळख पटणार नाही. नौदलाची गोदी १९६६ मध्ये बंद झाली, नदीकाठचा डॉमिनोचा साखर कारखाना २००४ मध्ये. परळ-लालबागला गिरण्यांच्या जागी टॉवर आले, तसे तिथेही आले. महागड्या कॉफीची दुकाने आहेत, आणि ती कॉफी मोरीत ओतायची कुणाची छाती होणार नाही! लेनर्ड वाचनालयाची इमारत मात्र उभी आहे. आणि कुंपणाच्या फटीतून, रुळांच्या कडेने तो महारुखाचा भाऊबंद अजून डोके वर काढतोच. लँटर्नफ्लायपायी तो तोडावा लागतो हे खरे. तोडताना त्याच्या नावाची ही गोष्ट मुलांना जरूर सांगा.

आणखी एक विनंती. पुढच्या खेपेस भारतात जाल तेव्हा घरातल्या एखाद्या आत्याला, मावशीला तिची शाळा कितवीत सुटली आणि का, एवढे विचारा. बेटीबाईंनी आपल्या आजीची, आईची गोष्ट लिहिली म्हणून ती उरली. आपल्याकडच्या केटी आता ऐंशीच्या घरात आहेत. त्या सांगतील ते लिहून आमच्याकडे पाठवलेत, तर या पानांवर आम्ही ते आनंदाने छापू. शुद्धलेखनाची काळजी करू नका, ते आम्ही बघून घेऊ.